शेवटचा फर्मा

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तो एकेचाळीस वर्षं स्वतःला सांगत आला होता. छत्रीची काडी बसवून आणायची राहते, दाराच्या बिजागरीला तेल घालायचं राहतं, तसं. पत्र अर्ध्या कागदाचं होतं, आणि त्याच्या घड्या इतक्या धारदार होत्या की ते कुणाचं आहे हे सही वाचण्याआधीच बोटांना कळलं होतं. दिवसभर छापील कागदाला घड्या घालणाऱ्या हातांखेरीज तशी घडी कुणाला पडत नाही. मजकूर चार ओळींचा. ‘मला काढून टाकलं हे तुम्ही पाहिलंच. शेवटचा फर्मा मी रद्दीच्या पोत्यात टाकला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते मी विचारत नाही. मला एवढंच कळवा, पुस्तकात पुढे काय झालं? तो बोलला का?’ खाली पत्ता. बस. रडगाणं नाही, दूषण नाही, एखादं खोडलेलं अक्षरसुद्धा नाही. असलं पत्र फार वाईट. तिने शिव्या दिल्या असत्या तर तो रागावला असता, रागाच्या भरात काहीतरी लिहून बसला असता, आणि लिहिता लिहिता खरं बाहेर पडलं असतं. त्याने पत्र पुन्हा तिच्याच घड्यांवर मिटलं, इंग्रजी शब्दकोशात ठेवलं आणि उद्या लिहू म्हणाला. उद्या निब बदलायची होती. परवा कागद बरा नव्हता. मग त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, बायको गेली, मुलाचं लग्न झालं, शब्दकोशाची पाठ दोनदा निखळली आणि दोन्ही वेळा त्याने ती स्वतः चिकटवली. पत्र तिथेच होतं.

आज सकाळी सव्वाअकरा वाजता, जेवणाच्या टेबलावर, सुनेने निवडून ठेवलेल्या शेंगांच्या ताटाशेजारी, त्याने ते पुस्तक संपवलं. म्हणजे शेवटच्या फर्म्याची सोळा पानं वाचली. आधीची तीनशे छत्तीस त्याला जवळजवळ पाठ होती. पुस्तक मिटल्यावर काय वाटेल, याची त्याने इतकी वर्षं धास्ती घेतली होती. रडू येईल, किंवा छातीत काहीतरी होईल आणि सून डॉक्टरला बोलावेल. तसलं काही झालं नाही. कानशिलं तापली. बोटं टेबलावर आपोआप ताल धरू लागली. आपल्याला राग आला आहे हे कळायला त्याला बराच वेळ लागला, कारण रागाची त्याला फारशी ओळख नव्हती.

“काय बाबा, संपली का प्रेमकथा?” सून ओट्यापाशी उभी होती. “तोंड असं का झालंय, खडा चावल्यासारखं?”

“बोट ठेवलं तिने,” तो म्हणाला.

“कुणी? कशावर?”

“त्याच्या ओठांवर.”

“अगबाई!” सून हसायलाच लागली. “आणि तुम्ही हे दिवसाढवळ्या वाचताय? नातीला सांगू का?”

एरवी तो या थट्टेवर लाजून उठला असता आणि वर्तमानपत्राच्या आड गेला असता. आज तो बसून राहिला. “चूक आहे ते,” तो म्हणाला, आणि आपला आवाज ताट आपटल्यासारखा मोठा आणि टणक ऐकून त्याला स्वतःलाच दचकायला झालं.

पुस्तक त्याच्याकडे आलं ते वाचनालयातून. महिन्यातल्या एका शनिवारी कोपऱ्यावरच्या वाचनालयात सात-आठ म्हातारी माणसं एखादं पुस्तक घेऊन बोलत बसत. तो सहा वर्षं जात होता. खिडकीजवळची खुर्ची, आणि शेवटी सगळ्यांच्या खुर्च्या उचलून ठेवायचं काम, ही दोन्ही न मागता त्याची झाली होती. सहा वर्षांत तिथे त्याने उच्चारलेलं सर्वांत लांब वाक्य ‘पंखा कमी करू का?’ हे असावं. गेल्या महिन्याच्या शनिवारी ग्रंथपालबाई सगळ्यांना प्रती वाटता वाटता त्याच्यापाशी आल्या. “काका, जुनी इंग्रजी प्रेमकथा आहे या वेळी. बाकीच्या नव्या प्रती संपल्या, तुम्हाला ही जुनी चालेल ना?” चालणार नाही, असं म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणणं हेही बोलणंच. त्याने हात पुढे केला. कव्हर नवं, पाठ नवी, आतली पानं मात्र त्याने लगेच ओळखली. जुन्या सहकाऱ्याला पाठमोरं ओळखावं तसं पानाच्या कडेने, अक्षरांच्या उंचीने, पिवळेपणाने. तो पूर्वी नोकरीला होता त्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात बांधलेली ही प्रत होती. घरी येऊन त्याने तीनशे छत्तिसावं पान काढलं. पुढे पुन्हा तीनशे एकविसावं यायला हवं होतं. तिथे चुकीच्या बांधल्या गेलेल्या तीनशे प्रतींत तसंच झालं होतं, एकविसावा फर्मा दोनदा आणि बाविसावा नाहीच. इथे तसं नव्हतं. पुढे पांढरा, वेगळाच कागद होता, कुठल्या तरी दुसऱ्या आवृत्तीचा. अक्षर जरा मोठं, पानांचे आकडे निराळे, समास कातरून आकाराला बसवलेले. पहिल्या अर्ध्या पानावर आधीचाच मजकूर पुन्हा येत होता, तेवढ्यावर कुणीतरी पेन्सिलीने हलकी तिरकी रेघ मारली होती. त्याने पुस्तक उताणं धरलं आणि त्या फर्म्याच्या मधल्या घडीत दोऱ्याची गाठ शोधली. शिवणारे सगळे गाठ पानाच्या डोक्याकडे मारतात. ही पायाकडे होती, आणि तिचा पीळ उलटा होता.

अशी गाठ एकच बाई मारायची. कारखान्यात तिला सगळे डावरी म्हणत, कारण ती सगळं डाव्या हाताने करायची, घडी घालणं, दोरा ओवणं, मालकांना नमस्कार करून मागे फिरल्यावर नाक मुरडणंसुद्धा. त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. तो तपासनीस होता. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक घडी घातलेला कागद. असे बावीस फर्मे एकामागे एक शिवले की ते पुस्तक पुरं व्हायचं. बायका आधी तीन-चार आठवडे नुसत्या घड्या घालत. मग एका सकाळी लांब टेबलावर बावीस थप्प्या लागत, आणि बायका एकामागून एक टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलत जात, आणि शेवटच्या थप्पीशी उभी असलेली बाई त्यावर शेवटचा फर्मा चढवी. थप्प्या क्रमाने लावायच्या त्याने, जुळलेलं पुस्तक तपासून चिठ्ठीवर सही करायची तीही त्याने. घड्या घालणाऱ्या बायकांचं वाचन मोठं गमतीचं असे. छापखान्याकडून फर्मे क्रमाने येत नसत. कुणी आठवडाभर फक्त एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस एवढीच पानं हाताळायची. बहुतेक जणींना इंग्रजी येत नव्हतं, त्यांची सुटका होती. डावरीला येत होतं, तिचे हाल होते. एक दिवस ती मधल्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी आली, कमरेवर हात ठेवून. “मौनीबाबा, ही बाई का रडतेय? दोन दिवस झाले, माझ्या हातात नुसती रडतेय. कुणी मेलं का हिचं?”

तो प्रत्येक फर्म्याची एक वाईट निघालेली प्रत घरी नेऊन शब्दकोश घेऊन वाचत असे, क्रमाने. त्यामुळे त्याला ठाऊक होतं. आणि काय आश्चर्य, त्याने सांगितलं. एवढं तो आईशीही कधी बोलला नव्हता. एका मोठ्या घराच्या कारभाऱ्याची ही मुलगी. घरातलं मृत्युपत्र नाहीसं होतं आणि आळ हिच्यावर येतो. हिने ते घेतलेलं नाही हे एकाच माणसाला ठाऊक आहे, घरातल्या धाकट्या मुलाला, आणि त्याचा हिच्यावर जीव आहे. “मग बोलत का नाही मेला?” डावरीने विचारलं. “लाजाळू आहे,” तो म्हणाला. “लाजाळू!” ती म्हणाली. “लाजाळू माणसाने तिच्यासाठी कविता करायच्या नाहीत. एवढं बोलायला काय लाज?” पण ऐकून तिला चैन पडेना. मग त्यांचं ठरलं. तिने आता मधलं काही वाचायचं नाही, घड्या घालताना नजर पानावर जाऊ द्यायची नाही, आणि त्याने रोज संध्याकाळी क्रमाने एक फर्मा तिला द्यायचा.

“उद्याचाही द्या ना आजच.”

“रोज एक.”

“तुम्ही काय वैद्य लागून गेलात, रोज एक पुडी?”

असे एकवीस दिवस गेले. आयुष्याची बेरीज मांडायला बसलं तर हातात धरण्यासारखे तेवढेच दिवस, असं त्याला पुढे कितीदा वाटलं, आणि बायकोच्या आठवणीने प्रत्येक वेळी ओशाळायला झालं. एकविसावा फर्मा भलत्याच जागी संपत होता. बारा वर्षांनी तो धाकटा मुलगा परत आला आहे, बागेच्या फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा आहे, ती समोर आहे, त्याने बोलायला श्वास घेतला, आणि पान संपलं. डावरी चवताळली. “बाविसावा! आत्ता!” तो मान हलवून हसला. “बरं, नका देऊ. उद्या जुळणी आहे. शेवटच्या थप्पीशी मीच उभी असते. सकाळी लवकर येऊन तिथल्या तिथे वाचून काढते, बघाच.” त्याने स्वतःही तो वाचला नव्हता, तिच्याबरोबर वाचायचा म्हणून ठेवला होता. सगळ्या बायका गेल्यावर तो मागे राहिला. थप्प्या लावून झाल्या होत्या. त्याने बाविसाव्या फर्म्याची थप्पी उचलून टेबलाखाली लपवली आणि तिच्या जागी छापखान्याकडून जादा आलेली एकविसाव्याचीच थप्पी ठेवली. सकाळी आपण आधी येऊ, ती घाईघाईने वरचा कागद उचलेल, फसेल, चिडेल, मग आपण खालून खरा फर्मा काढून तिच्या हातात देऊ, आणि देताना एक वाक्य बोलू. वाक्य तयार होतं. आठ शब्दांचं. त्या संध्याकाळी घरी जाताना तो रस्त्यात मोठ्याने हसला होता आणि एका कुत्र्याने त्याच्याकडे वळून पाहिलं होतं.

सकाळी ते आठ शब्द आरशासमोर म्हणून पाहण्यात त्याची बस चुकली. तो पोचला तेव्हा जुळणी सुरू झालेली. मालक लवकर आले होते, घाई होती, कुणी काही वाचायला थांबलं नव्हतं. डावरीही हसत, मुद्दाम नजर वर ठेवून, शेवटच्या थप्पीतले फर्मे चढवत होती. त्याला दिलेला शब्द ती पाळत होती. थांबा. एवढा एकच शब्द पुरला असता. पण थांबा म्हटलं की का असं विचारतील, आणि का ते वीस बायकांसमोर, मालकांसमोर सांगावं लागेल. मी लपवला, हिला चिडवायला. हिला कशासाठी? तो दारात उभा राहिला. अर्ध्या तासात तीनशे प्रती जुळल्या. टेबलाखालची थप्पी कुणाच्या पायाला लागेल या भीतीने, सगळ्या चहाला गेल्यावर, ती त्याने जवळच्या रद्दीच्या पोत्यात खाली खुपसली. पोतं कुणाच्या जागेजवळचं आहे हे त्याने पाहिलं नाही. पाहिलं नाही, हेही त्याने स्वतःला एकेचाळीस वर्षं सांगितलेलंच होतं. मागच्या फळीवरचे बाविसाव्याचे उरलेले सातशे फर्मे नंतर बरोबर लागले. त्या तीनशे प्रती शिवून आल्या तेव्हा तपासायला त्याच्याच समोर आल्या, आणि त्याने एकेकीच्या चिठ्ठीवर सही केली. आठ दिवसांनी दुकानदारांच्या तक्रारी आल्या. पोतं उपसलं गेलं. “शेवटच्या थप्पीशी कोण होतं?” मालक ओरडले. “वाचत बसते ना पुस्तकं! कामात लक्ष कसं असणार!” मग त्याच्याकडे वळून, “आणि तुम्ही हो? तुम्ही काय तपासलंत?” डावरीने तेव्हा त्याच्याकडे पाहिलं, एकदाच. त्याने हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं. “माझ्या नजरेतून सुटलं,” तो म्हणाला. त्याला चार बोलणी बसली. तिची नोकरी गेली, आणि नुसती तीच नाही. फर्मे रद्दीत घालणारी बाई म्हणून तिचं नाव शहरातल्या सगळ्या कारखान्यांत तिच्या आधी जाऊन पोचलं.

आता, एकेचाळीस वर्षांनी, शेंगांच्या ताटाशेजारी, त्याला पुढे काय झालं ते कळलं होतं. फाटकाशी त्याने श्वास घेतला, आणि तिने पुढे होऊन त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. काही सांगू नका, मला सगळं आधीच कळलं होतं. झालं. त्यापुढची बारा पानं लग्न, बाग, पिकलेले केस, घंटा. बारा पानं! तिच्या पोशाखाच्या बाह्यांना दीड पान, आणि त्या माणसाच्या तोंडून चार ओळींचं खरं निघायला जागा नाही. लिहिणाऱ्याला काय वाटलं असेल, हे फार सुंदर आहे? शंभर-सव्वाशे वर्षं माणसं या बोटावर डोळे टिपत आली. आणि मी? मी कशाची वाट पाहत होतो? त्याने पुस्तक पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. एकेचाळीस वर्षं न वाचलेल्या त्या सोळा पानांत आपण हेच तर ठेवलं नव्हतं? कुणीतरी येईल, आपल्या ओठांवर बोट ठेवील, आणि म्हणेल, राहू दे. तर घ्या, आलं ते बोट. छापील. त्याला ते बोट झटकून टाकावंसं वाटलं. आयुष्यभर तपासलेल्या हजारो प्रतींची सवय हाताला होती, तोच हात सांगत होता, यात कमी आहे. सोळा पानं मिळाली तरी अजून काहीतरी कमी आहे. गावाला कुणी सांगितलं? गाव तिला बारा वर्षं चोर म्हणत होतं. त्या गावाला कोण, कधी, कुठल्या पानावर सांगायला गेलं?

दुपारी तीनला वाचनालयात मंडळ भरलं. सेवेतून निवृत्त झालेले हेडमास्तर नेहमीप्रमाणे मधल्या खुर्चीवर होते. त्यांनी चष्मा पुसत सुरुवात केली. “शब्दावाचून क्षमा. केवढी उंची आहे या शेवटाला! आजचे लेखक इथे पानंच्या पानं बडबडले असते.” एक नर्सबाई येत असत, चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. त्या म्हणाल्या, “माझ्या तर बाई डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते बोट ठेवते ना, तिथे.” ग्रंथपालबाई मान डोलावत टिपून घेत होत्या. आणि खिडकीजवळची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. पंख्यासाठी उठला असेल असं सगळ्यांना वाटलं. कुणी पाहिलंही नाही.

“तो बोललाच नाही,” तो म्हणाला.

हेडमास्तर हसले. “अहो काका, तेच तर सौंदर्य आहे. बोलायची गरजच उरली नाही.”

“कुणाला उरली नाही?”

“तिला.”

“तिला कुणी विचारलं? लिहिणाऱ्याने तिचं बोट उचललं आणि ठेवलं.” त्याने खुर्चीची पाठ धरली. “गाव बारा वर्षं तिला चोर म्हणत होतं. लग्न झाल्यावर काय म्हणत असेल? चोर ती चोर, पण नशीब काढलं. एवढंच ना?”

नर्सबाई फसकन हसल्या आणि मग गंभीर झाल्या. “खरंय हो,” त्या म्हणाल्या. “हे माझ्या लक्षातच नाही आलं.”

“काका, इतकं मनाला लावून घेऊ नका,” हेडमास्तर म्हणाले. “तो स्वभावाने संकोची आहे. सज्जन आहे. काही माणसांचं मौनच बोलकं असतं.”

“भित्रा आहे तो,” तो म्हणाला. “मला विचारा. गप्प बसणाऱ्या माणसाला सगळे सज्जन धरून चालतात, कारण तो गप्प का बसलाय हे त्यांना तो सांगत नाही. मला तुम्ही सगळे सहा वर्षं सज्जन म्हणताय. मी खुर्च्या उचलतो म्हणून.” मग त्याने पुस्तक उघडून, जिथे पिवळा कागद संपून पांढरा लागत होता ती जागा दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरली, एखाद्या जखमेच्या कडा फाकवून दाखवाव्यात तशी, आणि सांगितलं. टेबल, थप्पी, पोतं, सह्या. आठ शब्द सोडून सगळं. तो अडखळला, दोनदा मागे जाऊन क्रम दुरुस्त केला, पण थांबला नाही. हेडमास्तर मध्येच म्हणाले, “जाऊ द्या हो, इतक्या वर्षांची गोष्ट,” तेव्हा त्याने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते खाली बसले, बसलेलेच असून. बोलून झाल्यावर त्याने पुस्तक मिटलं. ग्रंथपालबाईंनी उठून पंखा कमी केला.

आज खुर्च्या दुसऱ्यांनी उचलल्या. ग्रंथपालबाई त्याला टेबलापाशी घेऊन गेल्या. “काका, त्या बाई आमची पुस्तकं शिवतात. सदुसष्ट-अडुसष्टच्या असतील. घरीच करतात. मी एकदा म्हटलं, इतका सुरेख हात आहे, एखाद्या मोठ्या कारखान्यात का नाही गेलात? म्हणाल्या, मला कुणी टेबलाशी उभं करत नाही. मला वाटलं, गंमत करतायत.” मग जरा थांबून, “चार वर्षांपूर्वी ही प्रत त्यांनी मागून नेली. आमच्याकडे शेवटची पानं नव्हतीच, कुणी नेत नसे. म्हणाल्या, द्या इकडे, हिचा शेवट माझ्याकडे आहे.”

हिचा शेवट माझ्याकडे आहे. म्हणजे तिला कळलं होतं. कुठल्यातरी फाटक्या प्रतीत तिने तो स्वतः शोधला होता, वाचला होता, आणि उरलेल्यांना मिळावा म्हणून आपल्या उलट्या गाठीने शिवून ठेवला होता. पुढे काय झालं, हे सांगायला आता त्याची गरज नव्हती. पत्रातला तो प्रश्न त्याच्यावाचून मिटला होता. राहिला होता दुसरा, तीन शब्दांचा: तो बोलला का?

“मंगळवारी येतात त्या, पुस्तकं न्यायला,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “तुम्ही या ना. नाहीतर चिठ्ठी द्या, मी त्यांच्या हातात ठेवते.”

“नको,” तो म्हणाला. समोर गेलो तर मी हसेन. मान खाली घालीन, हात चोळीन, तिला माझी दया येईल, आणि ती म्हणेल, राहू द्या. “पत्र टपालाने आलं होतं. टपालानेच जाईल. पत्ता तेवढा द्या.”

बाईंनी वही उघडून पत्ता कागदावर उतरवून दिला. तो वाचण्याची गरज नव्हती. तोच होता. रस्ता तोच, जिना तोच, खोलीचा आकडा तोच. एकेचाळीस वर्षं ती त्याच दाराआड होती, त्याच शहरात, बसने जेमतेम पाऊण तासावर.

घरी आल्यावर त्याने टेबल स्वच्छ पुसून घेतलं, कारखान्यात पुसायचा तसं, कडेवरून हात फिरवून. सून म्हणाली, “बाबा, चहा?” “नंतर.” “कुणाला लिहिताय? फोन करा की.” “फोनवर मी गप्प बसतो. तुला ठाऊक आहे.” तिने त्याचा चेहरा पाहिला आणि नातीच्या वहीतले दोन कोरे कागद आणून ठेवून गेली. त्याने लिहिलं.

‘तुमच्या पत्राला उत्तर देतो आहे. शेवटचा फर्मा मी लपवला होता आणि पोत्यात मी टाकला. तपासताना प्रत्येक प्रतीत तो नाही हे मला ठाऊक होतं आणि प्रत्येक चिठ्ठीवर मी सही केली. मालकांसमोर मी खोटं बोललो. तुमची काहीही चूक नव्हती. हे मी आज वाचनालयात सगळ्यांसमोर सांगितलं आहे आणि पुढेही विचारील त्याला सांगेन. हा कागद तुम्ही हव्या त्या माणसाला दाखवा, म्हणून खाली पूर्ण नाव, पत्ता आणि सही करतो. पुस्तकातला माणूस बोलला नाही. त्याला तिने बोलू दिलं नाही असं लिहिलं आहे, पण ते मला पटत नाही. त्याला बारा वर्षं होती. मला तुम्ही माफ केलं आहे असं कळवू नका. उत्तर दिलंत तर वाचेन. न दिलंत तर तो तुमचा हक्क आहे.’

आठ शब्दांचं ते वाक्य अजून पाठ होतं. लेखणी कागदावर थोडा वेळ टेकून राहिली, तिथे शाईचा एक ठिपका पसरला. ते वाक्य लिहिलं असतं तर पत्र गोड झालं असतं. त्याने ठिपक्याखाली सही केली. दुसऱ्या कागदाची अर्धी पट्टी कापून तिच्यावर लिहिलं, ‘या आवृत्तीच्या तीनशे प्रतींत इथून पुढची पानं नव्हती. हा दोष घडी घालणाऱ्या किंवा जुळणी करणाऱ्या कुणाचा नव्हता. तो तपासनिसाचा होता,’ आणि खाली तीच सही. वाचनालयाच्या पुस्तकात असं काही चिकटवायची परवानगी नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने डिंकाचा पातळ हात फिरवला आणि पिवळा कागद संपून पांढरा सुरू होतो तिथे, बरोबर मध्ये, ती पट्टी बसवली. अंगठ्याने कडा दाबल्या. आता प्रत पुरी झाली, असं त्याचा हात म्हणाला.

चौकातल्या पेटीवर शेवटच्या टपालाची वेळ साडेपाच अशी रंगवलेली होती. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पाकीट फटीच्या तोंडाशी नेलं आणि हात थबकला. वाटलं, एवढं कठोर नको. एखादी ओळ बदलावी. कागदही जरा बरा घ्यावा. उद्या. तेवढ्यात मागे चपला वाजल्या. एक बाई हातात पाकीट घेऊन उभी होती, खांद्यावर पिशवी, घाईत.

“आजोबा, टाकताय ना? मलाही टाकायचंय, गाडी येईल आता.”

“थांबा,” तो म्हणाला.

शब्द मोठ्याने निघाला होता. पलीकडच्या पानवाल्यानेही मान वर केली. त्याने पाकीट फटीतून मागे घेतलं, सरळ धरलं, तपासलं. तिचं नाव. पत्ता. उलटीकडे त्याचं नाव, त्याचा पत्ता. सगळं जागच्या जागी होतं. मग त्याने ते आत सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचं ऐकू येईपर्यंत त्या बाईला फटीपाशी येऊ दिलं नाही.